मरकडभाऊजींचा खताचा डबा

कुठलीही वस्तू विकत घ्यायची झाली की मरकडभाऊजी ती आधी खांद्यावर घ्यायचे आणि भर बाजारात दहा पावलं चालून बघायचे. बादली असो, कंदील असो, नाहीतर नुसती सतरंजी असो. दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे, मग दुकानदाराकडे बघून म्हणायचे, "जमतंय," नाहीतर, "जड हाय." राजूरच्या आठवडे बाजारात ही गोष्ट सगळ्यांना माहीत झालेली. कुंभार तर भाव सांगायच्या आधीच म्हणायचा, "सायब, आधी चालून घ्या." पोरंटोरं हसायची. भाऊजींना त्याचं काही वाटायचं नाही. दिसायला उंच, किडकिडीत, टोपी कायम कपाळावर ओढलेली, आणि कमरेला करगोट्यात गोदामाच्या किल्ल्यांचा जुडगा.

दुष्काळाच्या आधल्या वर्षी आम्ही राजूरला गेलो. आमचे हे गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. चार खोल्यांची पत्र्याची चाळ, त्यातली एक आमची आणि भिंतीला भिंत लागून मरकडभाऊजींची. ते सरकारी धान्याच्या गोदामाचे कारकून. गाव पाथर्डीकडचं तिसगाव, म्हणजे जिल्ह्याचं अगदी दुसरं टोक. सकाळी निघालं तर तीन एस्ट्या बदलून दिवेलागणीला पोचणार. तिकडे त्यांची बायको हिराबाई आणि अंथरुणाला खिळलेली आई. म्हातारी घर सोडायला तयार नव्हती, म्हणून सुनेलाही सोडता येत नव्हतं. भाऊजी एकटेच राजूरला, भाकरी स्वतः थापायचे, आणि चांगली थापायचे.

त्या दहा पावलांचं कोडं मला महिन्याभराने उलगडलं. भाऊजींच्या बदलीचा हुकूम दोन वर्षांपूर्वीच निघाला होता, तोही पाथर्डीला, घराजवळ. कागद त्यांच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेला होता, मी डोळ्यांनी पाहिला. पण नियम असा, की चार्ज घ्यायला दुसरा माणूस आल्याशिवाय पहिल्याला सोडायचं नाही. आणि राजूरला यायला कोण तयार होतंय! पावसात चार महिने सूर्य दिसत नाही, कपडे वाळत नाहीत, रस्ता वाहून जातो. ज्याची नेमणूक व्हायची तो कुणाचे तरी पाय धरून ती रद्द करून घ्यायचा. त्यामुळे भाऊजींची बदली झालेली होती आणि झालेली नव्हतीही. सकाळची गाडी आली की ते गोदामाच्या दारात येऊन उभे राहायचे. गाडीतून पिशवी घेतलेला कुणी अनोळखी माणूस उतरतो का बघायचे. उतरला तर ह्यांना दुपारच्या गाडीने निघायचं होतं, म्हणून जे घ्यायचं ते एका माणसाला एस्टीच्या टपावर चढवता आलं पाहिजे. खाट नाही, टेबल नाही. भिंतीला एक खिळा नाही. मी फटकळ बाई, एकदा बोलून गेले, "अहो भाऊजी, निदान कॅलेंडरला तरी एक खिळा ठोका." तर म्हणाले, खिळा ठोकला की जाताना उपटावा लागतो, भिंतीचा पोपडा निघतो, आणि चार्ज देताना पोपडा दाखवावा लागतो.

अशा माणसाने खत करायचं मनावर घेतलं.

त्याचं कारण हिराबाई. त्यांनी तिसगावच्या घरामागे कागदी लिंबाचं रोप लावलं होतं. तिकडची जमीन मुरमाड, उन्हाने भाजलेली. दोन वर्षं झाली तरी रोप गुडघ्याच्या वर येईना. आणि इकडे राजूरला पाऊल टाकावं तिथे कुजलेला पाला, हाताला लोण्यासारखा लागणारा. भाऊजी एकदा रजेवर गेले असताना त्या सहज म्हणाल्या, "तिकडची मूठभर माती तरी आना." बाई बोलून गेली आणि भाऊजींनी ते डोक्यात घेतलं. मातीने काय होतंय, खत पाहिजे, म्हणाले. आणि शब्द दिला, की बदली होऊन येईन तेव्हा खताचा डबा मीच खांद्यावर घेऊन येईन. रजेवर येताना नाही आणणार. का, तर रजेवर येणारा पाहुणा, आणि पाहुण्याने खत आणायचं नसतं. हिराबाई म्हणाल्या होत्या, खत राहू द्या, तुमी या. हे सगळं भाऊजींनीच मला सांगितलं, आमच्या ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलता सोलता, लाजत लाजत.

आता खत करायला राजूरला काय तोटा? चाळीमागे मोकळी जागा पडलेली. सगळ्या गावाचे उकिरडे होतेच. गोदामातला हमाल ठका म्हणायचा, "सायब, कंबरभर खड्डा खांदा. शेन टाका, पाला टाका. एक पैसा लागत न्हाई." खरंच होतं ते. भाऊजी मान हलवायचे. शेवटी एक दिवस ठकाने फारच लावून धरलं तेव्हा ते म्हणाले, "खड्डा न्हाई खांदायचा, ठका. खड्डा खांदला म्हंजी ऱ्हायलो." ठकाने माझ्याकडे बघितलं, मी ठकाकडे. पुढे कुणी खड्ड्याचा विषय काढला नाही.

तर मग भांडं हवं. स्वस्त हवं, हवा खेळणारं हवं, पाणी न साठणारं हवं आणि भरलेलं असताना खांद्यावर घेऊन दहा पावलं चालता आलं पाहिजे. हे सगळं एका भांड्यात मिळायचं म्हणजे मुलीला स्थळ शोधण्यासारखंच की! पहिल्यांदा कुंभाराकडून चिरलेला रांजण आणला. चीर होती म्हणून कुंभाराने जवळजवळ फुकट दिला. भाऊजी खूश, पाणी झिरपायला आयतीच वाट. रिकामा खांद्यावर घेऊन चाललेही. पण अर्धा भरल्यावर हलेना. तो त्यांनी आमच्या दाराशी लोटून दिला आणि मी त्यात तुळस लावली.

मग आलं बांबूचं डालगं. ठाकरवाडीतल्या एका म्हातारीने विणलेलं, आतून शेणाने लिंपलेलं, देखणं. हलकं, हवेशीर, आणि रांजणाच्या निम्म्या किमतीचं. अख्खा पावसाळा भाऊजींनी त्यात पाला, शेण, राख घातली. वरून बांबू-पानांचं इरलं झाकायचे, खत फार भिजू नये म्हणून. गोदामातून येताना स्वतः ओलेचिंब, आणि इरलं डालग्याला! मी ओरडायची, पण ऐकतील तर शपथ. दसऱ्याच्या सुमाराला खत कसं झालंय बघायला त्यांनी मोठ्या ऐटीत डालगं खांद्यावर उचललं. वरची निम्मी बाजू हातात आली आणि बूड खाली जमिनीवरच राहिलं. खताने डालगंच खाऊन टाकलं होतं. हातातलं ते बिनबुडाचं कडं सरकून भाऊजींच्या गळ्यात अडकलं. मी पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. मग तेही हसले. म्हणाले, "वहिनी, खत तर झ्याक झालंय."

रस्त्याच्या कामावर डांबराचं पिंप मिळत होतं, ते त्यांनी लांबूनच नाकारलं. वास जाता जात नाही, आणि ओझं बैलाचं. गोदामात रिकामे तेलाचे डबे पडले होते, ढिगाने, लिलावाची वाट बघत गंजत. एक उचलला असता तर कुणी विचारलं नसतं. आमचे हे म्हणालेसुद्धा. भाऊजींनी असं पाहिलं की ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला. लिलावात तरी घ्या म्हटलं, तर आपल्याच ताब्यातल्या मालावर आपणच बोली लावायची नसते, म्हणाले. शेवटी स्टँडवरच्या भजीवाल्याकडून त्यांनी गोडेतेलाचे दोन चौकोनी डबे विकत घेतले, वर लाकडी दांडा ठोकलेले, लोक पाणी वाहायला वापरतात तसले. चुलीत तापवलेली सळई घेऊन बुडाला आणि बाजूंना भोकं पाडली. एक भरायचा, दुसरा मुरायला ठेवायचा. भरलेला डबा खांद्यावर घेऊन त्यांनी आमच्या अंगणात दहा पावलं टाकली, मग वीस, मग चाळीला वळसा घालून आले. "जमतंय," म्हणाले. इतका आनंद मी त्यांच्या तोंडावर त्याआधी पाहिला नव्हता.

मग आमच्या घरातल्या देठांना, सालींना, चहाच्या चोथ्याला मालक आला. रोज सकाळी भाऊजी दाराशी वाडगं ठेवून जायचे. त्यात मी चुकून खरकटी आमटी टाकली तर संध्याकाळी तक्रार यायची, मीठ घालू नका म्हणून. मूठ वळून बघायची त्यांची पद्धत होती. खत मुठीत दाबायचं. पाणी गळलं तर ओलं, मूठ सोडल्यावर विस्कटलं तर कोरडं. गोळा तसाच राहिला पाहिजे आणि बोट लावलं की फुटला पाहिजे. माझ्याकडूनही करून घ्यायचे. माझी मूठ नेहमी गळायची, कारण मी जोरात दाबते. ते म्हणायचे, वहिनी, खताला दम देऊन चालत न्हाई.

पण खत तयार व्हायला चार महिने, आणि माणूस काही येईना. मुरलेला डबा किती दिवस ठेवायचा? मग ते खत आमच्या तुळशीला, वालाला, दोडक्याला. आमचं परसू असं फोफावलं की गावातल्या बाया बघायला यायच्या. मला आधी मजा वाटायची. नंतर नंतर वाल तोडताना चोरी केल्यासारखं वाटायला लागलं. हे सगळं तिसगावच्या एका रोपाचं होतं आणि मी इथे बसून खात होते.

दिवाळीच्या पाडव्याला उकिरड्यावर दिवा ठेवतात. भाऊजींना उकिरडा नव्हता, त्यांनी डब्यावर पणती ठेवली. मी चेष्टेने म्हटलं, "भाऊजी, बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं म्हणतात. तुमचं उघडेल." तर म्हणाले, "माझा उकिरडा न्हाई, वहिनी, डबा हाय. डब्याला बारा वर्सं लागत न्हाईत." पाच वर्षं झाली होती त्यांना तिथे.

चार्ज घ्यायला माणूस आलाच नाही असंही नाही. आमच्या देखत दोन आले. पहिला श्रावणातल्या सकाळच्या गाडीने आला. पायरीवरून एक पाय खाली टाकला, तो चिखलात घोट्यापर्यंत गेला. त्याने पाय काढला, चप्पल चिखलातच राहिली. वर आभाळाकडे बघितलं, दुसरी चप्पल हातात घेतली आणि गाडीत परत जाऊन बसला. भाऊजी गोदामाच्या दारातून धावत आले तोवर गाडी वळली होती. ती चप्पल त्यांनी धुऊन ठेवली होती, माणूस परत येईल म्हणून.

दुसरा आला तो मात्र पिशवी, वळकटी घेऊन. तरुण होता, नवीन नोकरीचा, बिचारा नाही म्हणायला न शिकलेला. भाऊजींनी त्याला आपल्या सतरंजीवर झोपवलं, पिठलं-भाकरी करून वाढली. त्या संध्याकाळी त्यांनी आपला स्टोव्ह ठकाला देऊन टाकला, बादली मला दिली. डबा धुवून-पुसून दाराशी आणून ठेवला, खत नुकतंच मुरलेलं. मला म्हणाले, उद्या दुपारच्या गाडीनं. माझेही डोळे भरून आले, कुणासाठी कोण जाणे.

सकाळी ते त्या पोराला घेऊन गोदाम दाखवायला गेले. आणि ह्या माणसाने काय करावं? पत्रा कुठे कुठे गळतो ते एकेक ठिकाण बोट करून दाखवलं. घुशींची बिळं दाखवली. पावसाळ्यात रात्री उठून पोती कशी हलवावी लागतात, किती वेळा, ते सांगितलं. मागच्या भिंतीतली चीर तर त्या पोराला दिसलीसुद्धा नव्हती, ती त्याचा हात धरून दाखवली. पोरगं पांढरं फटक पडलं. जेवून येतो म्हणून गेलं ते दुपारच्या गाडीने गेलं. भाऊजींची म्हणून जी गाडी होती, तीच.

मी इतकी चिडले की सांगता सोय नाही. "अहो, चार दिवस गप्प बसला असता तर जीभ झडली असती का? त्याने सही केली असती, मग काढला असता त्याने उंदीर-घुशींचा हिशेब!" भाऊजी ओट्यावर बसले होते, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर. म्हणाले, "चार्ज देताना लपवायचं नसतं, वहिनी. मला ज्यानं दिला त्यानं लपवलं हुतं." इतकंच. पहिल्या पावसात भिजलेली पोती त्यांनी पाठीवर वाहिली होती, ते मग आमच्या ह्यांनी मला सांगितलं. मी बादली परत नेऊन दिली. डबा दाराशी तसाच होता. दोन दिवसांनी ते खत माझ्या दोडक्याला आलं.

मग दुष्काळ पडला. राजूरला निदान ओल तरी होती, तिसगावकडे विहिरींचे तळ दिसायला लागले. गोदामावर धान्याच्या गाड्या दिवसरात्र. भाऊजींना रजा मिळेना, एक दिवसाचीही नाही. हिराबाई खडी फोडायला जायला लागल्या, घरची शेती असून. त्यांचं पत्र कुणाकडून तरी लिहून घेतलेलं यायचं, ते भाऊजी मला वाचायला द्यायचे, अक्षर लागत नाही असं सांगून. अक्षर चांगलं स्पष्ट असायचं. एका पत्रात होतं, की मोरीचं पाणी लिंबोणीला घालते, दोन पानं नवी फुटली. दुसऱ्यात, सासूबाई गेल्या. भाऊजी मातीला पोचू शकले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले, दहाव्यालाच परत आले, कारण गोदाम बंद ठेवायचं नव्हतं. आता तरी हिराबाईंना इकडे आणा म्हटलं, तर आता जमीन कोण बघणार, आणि उद्या माझी बदली झाली म्हंजी? उद्या, उद्या. त्या एका शब्दाने त्या माणसाला खुंटीला बांधून ठेवलं होतं.

दुष्काळ सरला आणि त्यांच्या नावे एक लिफाफा आला. टंचाईच्या काळात गोदामात एक पोतं भिजलं नाही की कमी भरलं नाही, त्याबद्दल वरिष्ठांनी शाबासकी दिली होती. आणि त्याच कागदावर खाली, अशा अनुभवी माणसाची तिथे गरज असल्याने जुना बदलीचा हुकूम रद्द करण्यात येत आहे. भाऊजींनी मला तेही वाचायला दिलं. मी वाचून कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी कागद घेतला, घडी घातली आणि ट्रंकेत पहिल्या कागदावर ठेवला.

आणि गंमत बघा, पुढच्याच महिन्यात आमची बदली झाली, न मागता, नगरला. चार्ज घ्यायला माणूस तीन दिवसांत हजर. नगरला लागूनच केडगावला आम्ही खोली बघितली. निघायच्या आदल्या दिवशी भाऊजी डबा घेऊन आले. काठोकाठ भरलेला, वरून गोणपाट शिवलेलं. म्हणाले, तुमाला केडगावहून तिसगाव जवळ पडंल, तेवढा पोचता करा. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "मुरलंय. मूठ वळून बघितली."

निघायच्या सकाळी गाडी चाळीमागच्या वळणावरून गेली. खिडकीतून मला परसू दिसलं, आणि परसात भाऊजी. मांडीपर्यंत जमिनीत. हात वर गेला, मला वाटलं आम्हाला निरोप देताहेत, म्हणून मीही हात हलवला. पण हातात फावडं होतं, ते माती बाहेर टाकत होते. ठका काठावर पाटी घेऊन उभा होता.

केडगावला बिऱ्हाड लागल्यावर आठवड्याने मी डबा घेऊन तिसगावला गेले. दहा पावलं चालायची ती मी कितीतरी चालले, खांदा सोलून निघाला. हिराबाई दारातच भेटल्या. सावळ्या, काटक, हाताला खडी फोडून पडलेले घट्टे. मी राजूरची शेजारीण म्हटल्यावर त्यांनी आधी माझ्या मागे रस्त्याकडे बघितलं. मग डब्याकडे. मी काही सांगायच्या आत त्यांना कळलं.

"डबा तर त्ये सोताच आननार हुते," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, काम फार आहे त्यांना. त्यांनी मला पाणी दिलं, चहा केला. मग मागे नेलं. लिंबोणी माझ्या छातीला लागत होती आणि तिला तीन-चार हिरवी लिंबं धरली होती. हिराबाईंनी गोणपाट उसवलं, खत मुठीत घेतलं, वळून बघितलं, बोट लावून फोडलं. अगदी भाऊजींसारखं. कधीतरी रजेवर आले असतील तेव्हा शिकवलं असेल. सगळं खत त्यांनी बुंध्याशी हाताने पसरलं, कण न सांडता. मग घागरीत तळाशी राहिलेलं पाणी घेऊन रिकामा डबा आतून-बाहेरून धुतला, पदराने पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्यो त्यांच्याकडं माघारी पाठवा," त्या म्हणाल्या. "म्हनावं, पुन्यांदा भरा. आन ह्या टायमाला तुमीच घिऊन या."

खड्डा खणलाय हे माझ्या जिभेवर आलं होतं. मी दांडा घट्ट धरला आणि म्हटलं, "पाठवते हं."

डबा अजून माझ्याकडेच आहे.